आकड्याची थकबाकी

गिरणगावात रात्री नऊनंतर दोन माणसं समोरासमोर आली की पहिला प्रश्न प्रकृतीचा नसायचा. ‘काय आला?’ एवढंच विचारलं जायचं आणि उत्तरही एका शब्दाचं यायचं, ‘पंजा’ नाहीतर ‘सत्ता’. मग दोघांपैकी एकजण हळहळायचा, कारण त्याने छक्का लावलेला असायचा. छक्का का, तर तो बरेच दिवस आला नव्हता. किती दिवस, हे त्याला तोंडपाठ. पोराची इयत्ता विचारली असती तर कदाचित क्षणभर अडखळला असता, पण छक्क्याची रजा त्याला दिवसानिशी ठाऊक होती.

मटक्याबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते गुन्हेगारीच्या अंगाने. कोणाची पेढी, कोणाची गादी, कोणाला कोणी संपवलं. त्या कथा रंजक आहेत खऱ्या. पण मटका हा आकड्यांचा खेळ होता आणि तीन पिढ्यांच्या मराठी माणसाने संभाव्यतेचं जे काही बरंवाईट शिक्षण घेतलं, ते शाळेत कमी आणि पानाच्या टपरीमागे जास्त घेतलं, या अंगाने त्याकडे फारसं कोणी पाहिलेलं नाही.

मुंबईला सट्टा नवा नव्हता. काळबादेवी-पायधुणीच्या बाजूला एकोणिसाव्या शतकात पावसावर पैसे लागत. पाऊस अमुक वेळेत पडेल का, पन्हळ वाहील का, यावर. १८८७च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात पुढे पावसावरच्या पैजेचा वेगळा उल्लेख करावा लागला, यावरून प्रकरण किती वाढलं असेल ते कळतं. मग कापूस आला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव तारेने मुंबईत येत आणि त्या भावांतल्या आकड्यांवर इथे पैसे लावले जात. ज्यांनी आयुष्यात कापसाची गाठ विकत घेतली नाही, ते अमेरिकेतल्या कापसाची वाट बघत बसत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथले. १९६१मध्ये ते भाव येणं थांबलं, पण खेळणाऱ्यांची सवय काही थांबली नाही. कच्छहून आलेल्या कल्याणजी भगत यांनी १९६२मध्ये वरळीत स्वतःचा आकडा काढायला सुरुवात केली. फाळणीत कराचीहून आलेल्या रतन खत्री यांनी १९६४मध्ये वेगळा मटका सुरू केला. चिठ्ठ्या मडक्यात टाकून आकडा काढायची पद्धत पुढे पत्त्यांवर आली. खत्रींचा आकडा आठवड्यातले सहा दिवस निघे, रात्री नऊच्या सुमारास ओपन आणि मध्यरात्री क्लोज, आणि फोनवरून देशभर पोचे. आणीबाणीत ते तुरुंगात गेले. १९७५च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटातली प्रेमनाथ यांची भूमिका त्यांच्यावर बेतलेली होती असं मानलं जातं. २०२०च्या मे महिन्यात ते वारले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर ‘मटका किंग’ म्हणूनच लिहिलं.

आता आकडा निघतो कसा ते नीट पाहू, कारण गंमत त्यातच आहे. चित्रांचे पत्ते काढून टाकले की जोडात एक्का ते दश्शी असे चाळीस पत्ते उरतात. दश्शी म्हणजे शून्य. त्यातून तीन पत्ते काढायचे. तिर्री, छक्का आणि नव्वी निघाली तर बेरीज अठरा आणि शेवटचा आकडा आठ. म्हणून ओपन आठ. तीन पत्त्यांचा संच म्हणजे पाना किंवा पत्ती. मध्यरात्री पुन्हा तीन पत्ते, तो क्लोज. दोन्ही मिळून जोडी.

तीन पत्त्यांची बेरीज म्हटलं की अनेकांना वाटतं, मधले आकडे जास्त येत असणार. दोन फाशांच्या खेळात सात जास्त वेळा येतो, तसं काहीतरी. इथे तसं होत नाही, आणि ते सिद्ध करायला कागदही लागत नाही. निघालेल्या तिन्ही पत्त्यांत एकेक मिळवा, नऊचा शून्य आणि शून्याचा एक करा. जेवढे पाने आठ देतात, तेवढेच पाने बेरीज तीनने सरकल्यामुळे एक देणार. एकाचे तेवढेच चारला, चाराचे सातला, साताचे शून्याला. असं तीनतीनने सरकत गेलं की दहाही आकडे फिरून होतात, म्हणून दहांचाही वाटा सारखा. जुन्या खेळणाऱ्याला हे दुसऱ्या वाटेने माहीत असतं. एकूण पाने दोनशेवीस, प्रत्येक आकड्याला बावीस.

म्हणजे कोणताही आकडा येण्याची शक्यता दहात एक. आकडा लागला तर पेढी सर्रास नऊपट द्यायची, जोडीला नव्वदपट. दहा माणसांनी दहा वेगवेगळ्या आकड्यांवर एकेक रुपया लावला तर पेढीकडे दहा रुपये येतात आणि नऊ जातात. एक रुपया राहतो. जोडीतही तेच, शंभरातले दहा राहतात. रुपयाला नव्वद पैसे परत. बेकायदा धंद्याच्या मानाने हा भाव चांगलाच होता. सरकारमान्य लॉटरी याच्या जवळपासही जात नाही, त्याकडे पुढे येऊ.

पण खेळणारा या भावाकडे बघतच नव्हता. तो चार्टकडे बघत होता. रोजचे ओपन-क्लोज चौकटीत छापलेले चार्ट विकत मिळत आणि त्यांवर उभ्या, आडव्या, तिरक्या रेघा मारून उद्याचा आकडा शोधला जाई. एकाचा कट छक्का, दुरीचा सत्ता, तिर्रीचा अठ्ठा, म्हणजे पाचच्या फरकाने आकड्यांच्या जोड्या लावायच्या आणि एक आला की दुसरा अपेक्षित धरायचा. या साऱ्यामागे एक पक्की समजूत. आकडा बरेच दिवस आला नाही म्हणजे त्याची थकबाकी साचली आहे आणि ती कधीतरी तो चुकती करणार.

पत्ते पिसले जातात तेव्हा कालच्या पत्त्यांचा आजच्यांशी संबंध राहत नाही. हे वाक्य सगळ्यांना पटतं आणि कोणीच त्याप्रमाणे वागत नाही, म्हणून नुसतं वाक्य सांगण्यात अर्थ नाही. हिशेब करून बघू. वर्षाचे तीनशे दिवस धरले, दिवसाला दोन, तर सहाशे सोडती. त्यात छक्का सुमारे साठ वेळा येईल. एकदा आल्यावर पुढच्या तीस सोडतींत त्याने तोंडच न दाखवण्याची शक्यता शंभरात चारांहून थोडी जास्त. कमी वाटते, पण साठ वेळा ही संधी मिळते म्हटल्यावर वर्षात सरासरी अडीच वेळा छक्का तीस किंवा जास्त सोडती गायब राहणार. दहा आकड्यांचे मिळून असे पंचवीस प्रसंग. पन्नास सोडती दडी मारणारा कोणी ना कोणी आकडाही वर्षातून तिनेकदा सापडेल. म्हणजे कोणत्याही दिवशी चार्ट उघडला तरी त्यात एखादा ‘थकलेला’ आकडा असणारच. खेळणाऱ्याला तो शोध वाटतो. चार्ट पूर्णपणे प्रामाणिक असेल तरच तो तसा दिसेल. सगळे आकडे शिस्तीत, ठरावीक अंतराने आले असते तर मात्र पोलिसांत जायला हरकत नव्हती.

उलट बाजूही तशीच. एखादी जोडी पंधरवड्यात पुन्हा आली की ‘सेटिंग आहे’ अशी कुजबुज होई. जोड्या शंभर आहेत हे खरं, पण तेरा दिवसांच्या तेरा जोड्यांत एखादी दोनदा आलेली असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त भरते.

थकबाकीवर विश्वास ठेवणारा माणूस पुढची पायरी चढतो, ती दामदुपटीची. आज एक, उद्या दोन, मग चार. आकडा येईल तेव्हा सगळं वसूल. विसाव्या सोडतीला लावायची रक्कम सव्वापाच लाख रुपये होते आणि वीस सोडती न येणं हे प्रत्येक आकड्याच्या बाबतीत वर्षातून सातेक वेळा घडतं. गिरणीचा पगार शेकड्यांत होता.

हा रोग एकट्या लालबाग-परळचा नव्हे. इटलीच्या सरकारी लॉटरीत दहा शहरांच्या वेगळ्या सोडती असत आणि प्रत्येकीत नव्वदांतले पाच आकडे निघत. व्हेनिसच्या सोडतीत मे २००३नंतर ५३ आलाच नाही. वर्ष उलटलं, दुसरंही सरत आलं, तसा देशाला जणू ताप चढला. लोकांनी ५३वर साडेतीन अब्ज युरोंहून जास्त पैसे लावले, घरं गहाण पडली, आत्महत्या झाल्या. ९ फेब्रुवारी २००५ला तो एकदाचा आला. दहा शहरं, प्रत्येकी नव्वद आकडे, म्हणजे एकूण नऊशे ठिकाणी लोक वर्षानुवर्षं डोळे लावून बसले होते. त्यांतल्या एखाद्याने दोन वर्षं दांडी मारणं यात चमत्कार कसला?

मजा अशी की थकबाकीवाला माणूस संध्याकाळी थकलेला आकडा लावतो आणि त्याच हाताने ‘सध्या पंजा जोरात आहे’ म्हणून पंजाही लावतो. न आलेला येणार कारण तो आला नाही. आलेला येणार कारण तो येतोय. दोन्ही समजुती एकाच डोक्यात, भांडण नाही की तंटा नाही.

अशा डोक्यांवरच बुवांचं चालायचं. आकडा देणारे साधू, दर्ग्याबाहेरचे फकीर, वेड लागलेल्या माणसाच्या तोंडून निघालेला शब्द, स्वप्नात दिसलेला साप, अपघात झालेल्या गाडीचा नंबर. यांत भाबडेपणा आहे पण फसवणूक कमी. खरी कारागिरी ‘गेसिंग’ विकणाऱ्याची. तो चार आकडे देतो, म्हणतो, ओपनला नाहीतर क्लोजला यांतला एक पास होणार. आणि होतोही. आठवड्यातल्या सहा दिवसांत चार दिवस होतो. गिऱ्हाईक थक्क. पण कोणतेही चार आकडे डोळे मिटून निवडले तरी दोन सोडतींत त्यातला एक येण्याची शक्यता शंभरात चौसष्ट आहे. पाच दिले असते तर पंचाहत्तर. चार आकड्यांवर दोन्ही वेळा एकेक रुपया लावायला मात्र आठ रुपये लागतात आणि सरासरीने परत येतात सात रुपये वीस पैसे. ‘पास’ होणं आणि पैसे मिळणं यांच्या मधल्या फटीत त्याचा संसार चालतो. दुसरा त्याहून सोपा उद्योग म्हणजे दहा जणांना दहा वेगळे आकडे सांगायचे. नऊ जण शिव्या घालून निघून जातात, दहावा गावभर नाव करतो.

पान्यांच्या बाबतीत तर लोभ थेट मोजता येतो. तिन्ही पत्ते वेगळे ती सिंगल पत्ती, दोन सारखे ती डबल, तिन्ही सारखे ती ट्रिपल. भाव पेढीप्रमाणे बदलतो, पण सिंगलला एकशेचाळीसपट, डबलला दोनशेऐंशी, ट्रिपलला सहाशे हा सर्रास ऐकू येणारा. चाळीस पत्त्यांतून एखादी ठरावीक सिंगल पत्ती येण्याची शक्यता साधारण एकशेचोपन्नात एक, डबलची चारशेबारात एक आणि ट्रिपलची चोवीसशे सत्तरात एक. म्हणजे सिंगलमध्ये रुपयाला नव्वद पैसे सुटतात, डबलमध्ये अडुसष्ट आणि ट्रिपलमध्ये चोवीस. बक्षीस जितकं डोळ्यांत भरणारं, तितकी पेढीची कमाई जास्त. आणि ट्रिपल लागल्याची गोष्ट मात्र चाळीत वीस वर्षं सांगितली जाते.

इथे वनपर्वातली नळाची कथा आठवते. नळ द्यूतात राज्य हरला आणि सारथी होऊन ऋतुपर्ण राजाकडे राहिला. एकदा रथातून जाताना ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाकडे पाहून दोन फांद्यांवरची पानं पाच कोटी आणि फळं दोन हजार पंचाण्णव असं सांगून टाकलं. नळाने रथ थांबवला, मोजून पाहिलं, फळं तेवढीच भरली. मग त्याने राजाकडून अश्वविद्येच्या बदल्यात फाशांचं आणि मोजण्याचं शास्त्र शिकून घेतलं आणि राज्य परत जिंकलं. बेहडाच का, याला कारण आहे. त्या काळी बेहड्याच्या फळांचेच फासे करत. आपण ही कथा सांगताना कली नळाच्या अंगातून निघून गेला यावर भर देतो. फळं मोजायला त्याने रथ थांबवला, ते घाईघाईत उरकून टाकतो.

आता सरकारी लॉटरी. केरळने १९६७मध्ये देशात पहिल्यांदा राज्याची लॉटरी काढली, एक रुपयाचं तिकीट आणि पहिलं बक्षीस पन्नास हजारांचं. महाराष्ट्र १९६९मध्ये मागोमाग आला. मटक्यात जाणारा पैसा तिजोरीकडे वळेल ही अपेक्षा उघड होती. तिकीट घेणाऱ्याच्या समजुती मात्र त्याच. स्टॉलवर क्लिपांनी टांगलेल्या तिकिटांतून तो पाच मिनिटं निवड करतो. सहाही आकडे सारखे असलेलं तिकीट त्याला कोणी फुकट दिलं तरी नको असतं, कारण ‘असं कधी लागतं का?’ ते इतर कोणत्याही तिकिटाइतकंच लागतं किंवा लागत नाही.

सर्वांत जिव्हारी लागते ती हुकाहुकी. ‘एका आकड्याने गेलं हो!’ सहा आकडी क्रमांकांच्या मालिकेत विजयी क्रमांकापेक्षा नेमका एकच आकडा वेगळा असलेली तिकिटं चोपन्न असतात. दोन आकडे वेगळे असलेली बाराशे पंधरा. म्हणजे एका बक्षिसामागे दर सोडतीला साडेबाराशेच्या वर माणसांना नशीब दारापर्यंत येऊन गेल्यासारखं वाटू शकतं आणि ती सगळी पुढच्या आठवड्यात पुन्हा स्टॉलवर येतात. हुकलेलं तिकीट विजयी तिकिटाच्या ‘जवळ’ होतं असं काहीच नसतं.

भावाचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५पासून लॉटरीवर चाळीस टक्के वस्तू-सेवा कर आहे. शंभर रुपयांच्या तिकिटात करच सुमारे साडेअठ्ठावीस रुपयांचा. उरलेल्या एकाहत्तरातून विक्रेत्याचं कमिशन, छपाई, सरकारचा नफा आणि मग बक्षिसं. जिंकलात तर आणखी तीस टक्के प्राप्तिकर. २०२२च्या केरळच्या ओणम बंपरमध्ये पाचशेची सहासष्ट लाखांहून जास्त तिकिटं खपली, म्हणजे तीनशेतीस कोटींची विक्री. पहिलं बक्षीस पंचवीस कोटींचं. ते एका रिक्षाचालकाला लागलं. दहा टक्के एजंटचे आणि तीस टक्के कर जाऊन त्याच्या हाती पावणेसोळा कोटी यायचे होते. पैसे खात्यात पडायच्या आधीच मदत मागणाऱ्यांची दारात एवढी रीघ लागली की ‘हे बक्षीस लागलं नसतं तर बरं झालं असतं’ असं त्याने वार्ताहरांना सांगितलं आणि तो घर सोडून नातेवाइकांकडे राहू लागला.

मग मटका रुपयाला नव्वद पैसे देत होता आणि सरकार त्याहून कितीतरी कमी देतं, तर मटक्याने माणसं जास्त का बुडवली? मला वाटतं, या साऱ्या विषयात सर्वाधिक दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. प्रश्न भावाचा कमी आणि फेऱ्यांचा जास्त. एखाद्या चाळीने मिळून सोमवारी शंभर रुपये आकड्यांवर लावले, परत आलेले पुन्हा लावले आणि असं रोज ओपन-क्लोज चालू ठेवलं, तर शनिवारी मध्यरात्री, बाराव्या सोडतीनंतर, शंभरातले सरासरी अठ्ठावीस उरतात. दर फेरीला फक्त दहावा हिस्सा जातो, तो जाणवत नाही. मधूनमधून कोणीतरी जिंकतं, त्याने तर अजिबातच जाणवत नाही. लॉटरीवाल्याचं तिकीट आठवडाभर पाकिटात पडून राहतं. १९९८च्या केंद्रीय लॉटरी कायद्याने एका लॉटरीची आठवड्यात एकापेक्षा जास्त सोडत नको असं म्हटलं आणि एका आकड्यावरची बक्षिसंही बंद केली. एक आकडी लॉटरी म्हणजे सरकारी शिक्क्याचा मटकाच होता, तो तेव्हा गेला. पुढल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने राज्याने चालवली तरी लॉटरी हा जुगारच असं म्हटलं, तेही योग्यच. तरी माझ्या मते त्या कायद्यातलं सर्वांत शहाणं कलम आठवड्याला एक सोडत हेच आहे. भाव सुधारून जेवढं भलं झालं नसतं, तेवढं या वाट बघायला लावण्याने झालं.

१९८२च्या संपाने गिरण्या थांबल्या आणि मटक्याचं मोठं गिऱ्हाईक संपलं. खेळ मात्र फोनवर गेला. कल्याण, राजधानी, मिलन, टाइम, असे एकामागून एक बाजार आता सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत उघडतात आणि बंद होतात. २०२५च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने बंदी आणली. त्याआधीही मटका कायदेशीर नव्हताच, त्यामुळे या धंद्याला नवा कायदा किती टोचेल हे सांगणं अवघड. पण दोन हिशेब बदललेत. खत्रींच्या काळात पत्ते चार माणसांदेखत निघत आणि पेढीची सारी पत त्यावर होती. फोनवर पत्ते कोणी काढताना दिसत नाही, आकडा फक्त उमटतो. सर्वांत कमी पैसे ज्यावर लागलेत तोच आकडा काढला, तर दहात एक हा हिशेबही उरत नाही आणि शंभर वर्षांचा चार्ट हाताशी असला तरी त्याचा उपयोग नाही. आणि समजा सगळं प्रामाणिक आहे असं धरलं, दिवसाला दहा बाजार, वीस सोडती, तरी चाळीचे ते शंभर रुपये एका दिवसात सरासरी बारा होतात. आठवड्याचं काम आता दिवसाच्या आत आटोपतं.